तुझ्या फोटोला हार, तुझ्या मेळ्याला डीजे

मंदे, त्यांनी तुला गोरं केलं.

नालवाडीच्या चौकात हा एवढा मोठा फ्लेक्स लागला आणि तो पाहून मी भाजीची पिशवी हातात धरून रस्त्यातच उभी राहिले. गाल गुलाबी, ओठांना लाली, मागे निळं आभाळ आणि ढगांवर तरंगणारा की-बोर्ड. तू अशी कधी होतीस वं? तुझा चांगला काळाभोर चेहरा, त्यावर ते रागीट नाक, सगळं पुसून टाकलं. आणि वर ठळक अक्षरांत, 'स्व. मंदाताई यांना संगीतमय श्रद्धांजली'. स्वर्गीय! जिने जन्मभर स्वर्ग-नरक मानला नाही, कोणाच्या शोकपत्रिकेत आपल्या बौद्धांच्या 'कालकथित'च्या जागी दुसरं काही दिसलं की जी पर्समधून पेन काढून तिथेच दुरुस्त करायची, तिला आपल्याच माणसांनी परस्पर स्वर्गात पोचवून दिलं. छापणाऱ्या पोराच्या दुकानात जाऊन भांडले मी. तो म्हणतो, "काकू, डिझाइन तयारच राह्यते. आम्ही फक्त नाव टाकतो."

म्हणजे कोणीही मेलं तरी तोच ढग, तोच रंग. मी म्हटलं, बाबू, माझ्या वेळी ढग काढून टाकजो.

पण खरी आग लागली ती खालची ओळ वाचून. 'प्रमुख आकर्षण : डीजे'. तुझ्या मेळ्यात, मंदे. तू जाऊन महिना झाला नाही आणि तुझ्याच नावानं, तुझ्याच फोटोखाली डीजे.

हे लिहिताना माझी भाषा मास्तरणीसारखी व्हायला लागते, ते तुला आवडायचं नाही. "उषे, शाळा सुटली, आता माणसासारखी बोल," म्हणायचीस. तर माणसासारखं सांगते. मले लय राग आला हाये. तुझ्यावरही आला आहे, पण तो नंतर.

त्या मेळ्याचं कागदावरचं नाव 'इलेक्ट्रॉनिक वाद्य वारसा मेळावा'. ते नाव गल्लीत एकालाही धड म्हणता आलं नाही, म्हणून तो बटनाचा मेळा झाला. थंडीतला एक रविवार, विहारामागचं मैदान, दुपारचं ऊन. ज्याच्या घरी माळ्यावर जे पडलं असेल ते त्यानं घेऊन यायचं. कोणाचा वायर लावलेला बेंजो, कोणाच्या बापाचं आवाज घुमवणारं इको मशीन, कोणाचा ऑक्टोपॅड, दात पडल्यासारखा अर्धी बटनं गेलेला की-बोर्ड. लग्नाच्या, जयंतीच्या, गणपतीच्या स्टेजवर ज्यांनी आपल्या जिल्ह्याला नाचवलं, ती सगळी यंत्रं धूळ पुसून टेबलावर मांडायची आणि ज्यांचे हात अजून चालतात त्यांनी वाजवायची. एक टेबल पोट्ट्यांसाठी. त्यावर 'हात लावू नका' असं लिहायला एका वर्षी कोणीतरी पाटी आणली, तर तू ती पाटी पालथी करून तिच्यावर उकडलेल्या तुरीच्या शेंगा ठेवल्यास. बायका कोथिंबीर भरलेली सांबारवडी आणायच्या, बुढे खुर्च्या आणायचे. नियम एकच होता. जे वाजेल ते माणसाच्या हातानं वाजेल.

आणि ती गोधडी. बाहेरच्या माणसाला सांगितलं तर हसतो. मेळा सुरू व्हायच्या आधी पहिल्या रांगेत, स्पीकरसमोर, गोधडी अंथरायची आणि गल्लीतलं सगळ्यात लहान लेकरू तिच्यावर निजवायचं. मग आवाज हळूहळू वाढवायचा. लेकरू दचकलं की एक घर खाली. तिथं जो आवाज ठरला तो संध्याकाळपर्यंत, मग कलेक्टर येवो की आमदार. तू अंगणवाडीची बाई, तुला लेकराच्या झोपेपुढे कोणाचं काही चालू द्यायचं नसे. पहिल्या वर्षी सगळे वाजवणारे चिडले होते. मीही चिडले होते. पुढे पुढे मात्र बाळंतिणी दारात येऊन सांगायला लागल्या, "मंदाताई, यंदा आमच्यावालं ठेवा." त्या लेकराला सगळे साउंड इंजिनिअर म्हणायचे.

अशा मेळ्यात डीजे.

मी तडक गजूभाऊकडे गेले. समितीचा अध्यक्ष, मंडप-साउंडचं दुकान, तरुणपणी ऑक्टोपॅड वाजवायचा, तू त्याला 'धडधड्या' म्हणायचीस तो. चहा सांगितला त्यानं. मी म्हटलं, चहा राहू द्या, हे काय लावलं आहे चौकात?

"उषाताई, राग नका धरू," तो म्हणाला. "मेळा म्हणजे बुढ्याबुढींचा सत्संग होऊन राह्यला. पोट्टे येत नाई. डीजे लावला का मैदान भरते. मंदाताईच्या नावानं गर्दी नोको काय?"

"मंदीच्या नावानं गर्दी पाह्यजे, का गर्दीच्या नावानं मंदी?"

"आता पाहा ताई, डीजे बी इलेक्ट्रॉनिकच हाय ना? वारसा पुढं जाऊन राह्यला. आन मंदाताईनं बी जिंदगीभर बटनच दाबलं ना?"

मंदे, त्या वाक्यानं माझ्या अंगाची लाही लाही झाली. कारण ते तुझं वाक्य होतं, 'बटनच दाबतो ना आपण, मंग?' मशीनच्या ठेक्यावरून माझ्याशी भांडताना तू वापरायचीस ते. आणि इतकी वर्षं ज्या वाक्याला मी उत्तर शोधत होते, ते मला तिथे, गजूभाऊच्या दुकानात, तुझ्या बाजूनं द्यावं लागलं.

"गजूभाऊ," मी म्हटलं, "मंदी बटन दाबे ते वाजवासाठी. तुमचा डीजेवाला पोट्टा बटन दाबते आन मोबाइल पाहात बसते. फरक समजत नसन तर ऑक्टोपॅड काहाले वाजवला तुमी?"

त्यानं हात जोडले. ऐकलं मात्र नाही.

घरी येताना मला रोहणा गाव आठवत होतं. आपल्या बायकांच्या गाण्याच्या पार्टीचा तिथला तो जयंतीचा कार्यक्रम. स्टेज तयार, माणसं बसलेली, आणि आपला ढोलकीवाला ऐन वेळी अडून बसला. त्या गावात त्याचे सोयरे निघाले होते, त्यांच्यासमोर त्याला लाज वाटली. "बायकायच्या मांगं बसून वाजवाले मी काय रिकामा हाय काय?" असं म्हणून तो सरळ पानठेल्यावर जाऊन उभा राहिला. मी रडकुंडीला आले होते. कार्यक्रम रद्द म्हणून सांगायला उठलेसुद्धा. तू नव्या की-बोर्डवरचा कपडा काढलास, माझ्याकडे बघितलंस आणि म्हणालीस, "जाऊ दे त्याले. आपल्यापाशी बटन हाये."

आणि ठेका सुरू झाला. धुम टक धुम टक, कोणी माणूस नाही, कातडं नाही, काही नाही. रोहण्याच्या लोकांनी तसलं काही पाहिलं नव्हतं. एक म्हातारा काठी टेकत स्टेजच्या मागे जाऊन आला, मग पुढे येऊन त्यानं टेबलावरची चादर उचलून खाली वाकून पाहिलं.

"आत कोण बसला हाय बाप्पा?"

तू वाजवता वाजवता, हात न थांबवता, माइकवर म्हणालीस, "बसली हाये एक, बाबा. जेवत नाई, पेत नाई, आन कोणाले लाजत नाई."

अख्खं रोहणा हसलं. पानठेल्यावरचा तो मात्र तिथूनच एस.टी.नं निघून गेला म्हणे.

जीपमध्ये परत येताना आपण भांडलो. मी म्हटलं, हा मेलेला ठेका आहे. ढोलकीवाला गाणारीचं तोंड पाहतो, तिचा दम कमी पडला की तोही मागे राहतो. हे मशीन माझ्यासाठी थांबत नाही. तर तू काय म्हणालीस? "मंग तू दम चांगला घेत जा." बस. एवढंच. मी आर्वीपासून वर्ध्यापर्यंत बोलले नाही तुझ्याशी. आणि त्यानंतर ते भांडण आपण कधी मिटवलं नाही. लग्नाच्या पंगतीत भांडलो, दवाखान्याच्या रांगेत भांडलो, तुझ्या गुडघ्याच्या आपरेशनच्या आदल्या दिवशी भांडलो. मी अजूनही मानत नाही, हे तिथेही ऐकून ठेव. ठेक्याला माणूस पाहिजे.

पण दुसरीही एक गोष्ट आहे, जी मी तुला कधी सांगितली नाही. तो पळालेला ढोलकीवाला तरी गल्लीतला होता; माझ्या सासरी मला परक्या ढोलकीवाल्याबरोबर गावोगाव जाऊ दिलं नसतं. सासूनं स्पष्ट सांगितलं होतं. तुझ्या त्या डब्याला मिशा नव्हत्या म्हणून माझं गाणं चाललं. आपल्या पार्टीतल्या चारही जणींचं चाललं. कोणत्या नवऱ्याला त्या डब्याचा संशय येणार होता? लोक म्हणतात इलेक्ट्रॉनिक आलं आणि माणूस गेला. आपल्याकडे ते आलं आणि बाया घराबाहेर निघाल्या. हे मला मेळ्यात माइकवर सांगायचं होतं, दरवर्षी सांगायचं होतं, आणि दरवर्षी वाटायचं, मंदी लय फुगेल, पुढच्या वर्षी सांगू. आता फुग ना. फुगून दाखव.

गजूभाऊ ऐकेना म्हणून मी पिपरी मेघेला विकीकडे गेले. आपल्या आईच्या मेळ्यात हे चाललंय आणि पोराला पत्ता नाही, असं माझ्या डोक्यात. तर डीजे विकीनंच ठरवलेला! तुझ्या पोटच्या पोरानं! मी दारातूनच सुरू झाले. काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. सूनबाई तुझ्या तान्ह्या नातीला, चिऊला, पदराखाली घेऊन आतल्या खोलीत निघून गेली.

विकीनं मोबाइल काढला आणि माझ्यापुढे धरला. तुझं वाजवणं होतं. कधी स्वयंपाकघरात, कधी गच्चीवर, त्यानं चोरून घेतलेलं. मध्येच तुझं खोकणं, कुकरची शिट्टी. ते सगळं त्याच्या मित्रानं जोडून एक ट्रॅक केला होता, खाली धमाधम बेस लावून.

"मावशी," तो म्हणाला, "एवढंच उरलं आईचं. मोबाइलवर लावलं का ती दूर कुठी बसून वाजवून राह्यली असं वाटते. मले ते मोठं ऐकाचं हाये. एकदा. छातीत बसलं पाह्यजे. साऱ्या वर्ध्यानं ऐकलं पाह्यजे."

रागानं भरून गेले होते आणि तो ठेवायला जागा सापडेना. मी पाणी प्यायले. एवढंच म्हटलं, "गोधडी?"

"अंथरणार ना," विकी म्हणाला. "यंदा आपली चिऊ."

मेळ्याच्या दिवशी मैदानात पाय ठेवला आणि समोर काळ्या डब्यांची भिंत. मंडपाच्या कनातीपेक्षा उंच. आपली टेबलं कुठे, तर कोपऱ्यात, पाण्याच्या टाकीजवळ. बेंजोवाले बाबा खुर्चीवर बेंजो मांडीवर घेऊन बसले होते, बसस्टँडवर गाडी चुकल्यासारखे. तुझा की-बोर्ड तेवढा स्टेजवर मधोमध होता. आणि त्याला हार घातला होता, मंदे! झेंडूचा! वाद्याला! पाकळ्या पट्ट्यांच्या फटीत चाललेल्या. तू असतीस तर हार घालणाऱ्याच्या गळ्यात तोच हार आवळला असतास.

रीत मात्र सगळी पाळली, बरं का. गोधडी अंथरली. चिऊला निजवलं. डीजेवाल्यानं आवाज हळूहळू वाढवला, अगदी शहाण्यासारखा, आणि चिऊ झोपून राहिली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. गजूभाऊ माझ्याकडे बघून मान हलवतो, जसं काही म्हणतो, पाहा, उगाच बोंबलत होत्या. मलाही क्षणभर वाटलं, माझंच चुकलं काय?

मग विकी स्टेजवर आला. "आईसाठी," एवढंच म्हणाला आणि ट्रॅक सुरू झाला. आधी नुसतं तुझं वाजवणं. त्या गच्चीवरचं. बाया पदर डोळ्याला लावून बसल्या. मीही बसले. तू अशी समोर आलीस की मी हात पुढे केला. आणि त्याच क्षणी त्या नालायक डीजेवाल्यानं बेस सोडला.

जमीन हादरली. शेंगांचं पातेलं टेबलावरून सरकत गेलं. बुढ्यांनी कानांवर हात ठेवले. पोट्टे ओरडून उठले, नाचायला लागले, गजूभाऊला पाहिजे होती ती गर्दी कुठून कुठून धावत आली. विकी स्टेजवर डोळे मिटून उभा, दोन्ही हात वर. मी गोधडीकडे पाहिलं. चिऊचं तोंड हे एवढं उघडलेलं होतं. चेहरा लालबुंद, मुठी आवळलेल्या, सगळं अंग थरथरत होतं. ती जीव तोडून रडत होती आणि तिचा आवाज येत नव्हता, मंदे. तिच्याजवळ बसलेल्या बाईलासुद्धा येत नव्हता. मी ओरडले, "बंद करा!" माझाही आला नाही. सूनबाई गर्दी ढकलत पळत होती.

विकीनं डोळे उघडले ते काऊन, त्यालाच ठाऊक. त्यानं आपल्या लेकीचं ते तोंड पाहिलं. स्टेजवरून उडी टाकली, थेट त्या भिंतीच्या मागे गेला आणि हाताला लागेल ती वायर उपटली.

सगळं बंद. आणि त्या शांततेत चिऊचा आवाज एकदम ऐकू आला. तेवढाच. मैदानभर. नाचणारे पोट्टे हात वर असतानाच थांबले. कोणाची मान वर होईना. विकीनं चिऊला सूनबाईच्या हातातून घेतलं, छातीशी धरलं आणि तो विहाराच्या भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. त्याचे खांदे हलत होते. तुझ्या जाण्याच्या दिवशी न रडलेला पोरगा.

गजूभाऊ माझ्याकडे आला. चेहरा पडलेला. "ताई, आता काय कराचं? लोकं उठून राह्यले."

काय कराचं! मला विचारतो! मी तणतणत स्टेजवर गेले. आधी तो हार काढून फेकला. फुंकर मारून पाकळ्या उडवल्या. साधे दोन स्पीकर कोपऱ्यातून ओढून आणायला लावले. तुझ्या खुर्चीवर बसले, ती अजून माझ्या उंचीला बुटकी पडते. बेंजोवाल्या बाबांना हाक मारली. ढोलकी? ढोलकी कुठून येणार? तुझ्या मेळ्यात कधी होती ढोलकी?

ठेक्याचं बटन मला माहीत होतं. इतकी वर्षं ज्याला शिव्या दिल्या ते माहीत नसेल? दाबलं मी. रोहण्याला तू दाबलं होतंस तेच. आपलं पहिलं गाणं धरलं आणि गायला सुरुवात केली. उजव्या हातानं जमेल तसं वाजवत, बाबांचा बेंजो सोबतीला. लोक आधी उभ्यानं ऐकत होते. मग खुर्च्या सरकल्याचे आवाज आले. दुसऱ्या कडव्याला विकी चिऊला घेऊन पहिल्या रांगेत येऊन बसला. ती हुंदके देत देत त्याच्या खांद्यावर निजली. डीजेवाला आपले डबे गाडीत भरत होता, त्याला कोणी काही म्हटलं नाही. पोट्टे गेले नाहीत, हे गजूभाऊला नंतर मी तीनदा ऐकवलं. एक पोट्टी तर कोपऱ्यातल्या टेबलावर जाऊन इको मशीनमध्ये स्वतःचं नाव ओरडत बसली होती.

संध्याकाळपर्यंत चाललं. सगळ्यांनी वाजवलं. जाताना प्रत्येक जण माझ्यापाशी येऊन गेला. जय भीम ताई, किती छान. मावशी, रडवलं तुमी. उषाताई, मंदाताई असत्या तर लय खूश झाल्या असत्या.

खूश? तू?

दुसऱ्या कडव्यात माझा दम तुटला, मंदे. ते मशीन थांबलं नाही, मी मागून धावत गेले आणि सूर पार खाली पडला. चांगला घसरला. सगळं कडवं तसंच गेलं. मला ठाऊक, बेंजोवाल्या बाबांना ठाऊक, त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलंसुद्धा. तू असतीस तर गाणं संपायची वाट पाहिली नसतीस. भर माइकवर, सगळ्या गावासमोर म्हटलं असतंस, "उषे, खाली गेली तू. वर ये." म्हटलं होतंस की आर्वीला. हिंगणघाटला. माझ्या लेकीच्या लग्नात, व्याह्यांसमोर म्हटलं होतंस. त्या वेळी तुझा जीव घ्यावासा वाटला होता मला.

मी बाबांना विचारलं, कसं झालं? "मस्त झालं, बाई." गजूभाऊला विचारलं. "एक नंबर, ताई." विकीला बाजूला घेऊन विचारलं, खरं सांग, दुसऱ्या कडव्यात काय झालं? त्यानं माझा हात हातात घेतला आणि म्हणाला, "छान झालं, मावशी."

आता मरेपर्यंत सगळे मले छानच म्हणणार, मंदे.